तोफेच्या पल्ल्यापलीकडे

मराठी वाचकाच्या मनात युद्धातल्या तंत्रज्ञानाविषयी दोन समजुती शेजारीशेजारी नांदतात. पहिली अशी, की गोऱ्यांकडे सुधारलेल्या तोफा, बंदुका आणि जहाजे होती, आपल्याकडे नव्हती, म्हणून राज्य गेले. दुसरी अशी, की सह्याद्रीचे कडे आणि गनिमी कावा यांच्यापुढे कोणत्याही तोफेची मात्रा चालत नाही. पहिली समजूत पराभवाचे दुःख हलके करते, कारण काळच उलटा फिरला म्हटले की कोणालाच जाब विचारावा लागत नाही. दुसरी अभिमानाला खतपाणी घालते. व्याख्यानांत आणि घरगुती गप्पांत दोन्ही ऐकू येतात, कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडून. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत, आणि कागदपत्रे पाहू लागलो की दोन्ही अपुऱ्या ठरतात. त्या अपुरेपणाचा शोध हे या पुस्तकाचे काम आहे.

पुस्तकाचा विषय आहे युद्धातल्या तांत्रिक वरचढपणाची हद्द. हा वरचढपणा खोटा असतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तोफ ही तोफच असते आणि तिच्यासमोर उभा राहणारा माणूस मरतो. पण प्रत्येक शस्त्राच्या सामर्थ्याला जागेची, ऋतूची आणि काळाची मर्यादा असते. जहाजावरची तोफ समुद्रावर राज्य करते, खाडीच्या तोंडाशी अडखळते आणि डोंगरात निरुपयोगी होते. आज जे शस्त्र एकाकडे आहे ते दहा-वीस वर्षांत दुसऱ्याकडे येते. आणि तरीही जेव्हा एखादा आक्रमक ही हद्द ओलांडून देश जिंकतो, तेव्हा त्याला ती ओलांडून देणारे कोणीतरी त्याच भूमीत सापडलेले असते. माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे. पुढची सगळी प्रकरणे त्याची तपासणी करण्यासाठी लिहिली आहेत.

तपासणीसाठी मी हिंदुस्थानचा पश्चिम किनारा निवडला. युरोपीय आरमारी तंत्र आणि इथल्या सत्ता यांचा सामना इथे तीनशे वर्षे चालला. इतका प्रदीर्घ सामना असला, की एखाद्या लढाईच्या निकालावरून घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह आपोआप आवरतो. शिवाय हा इतिहास पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही बाजूंच्या कागदांत उतरला आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यातून पोर्तुगीज कागद मराठीत आणले, सरदेसायांनी पेशवे दफ्तर छापून काढले. या दोघांच्या कष्टांवाचून असे पुस्तक लिहिणे कोणालाही शक्य झाले नसते.

सुरुवात अर्थातच १४९८ पासून. त्या वर्षी वास्को द गामा कालिकतला पोहोचला. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत, फेब्रुवारी १५०९ मध्ये, फ्रान्सिस्को द अल्मेदाने दीवच्या समुद्रात गुजरातचा सुलतान, इजिप्तचे मामलुक आणि कालिकतचा राजा सामुद्री यांच्या एकत्रित आरमाराचा धुव्वा उडवला. या विजयाचे कारण तांत्रिकच होते. अटलांटिकच्या लाटा सोसण्यासाठी बांधलेली भक्कम जहाजे आणि त्यांच्या कुशीतून मारा करणाऱ्या जड तोफा यांना हिंदी महासागरात जोड नव्हती. इथली गलबते बहुधा व्यापारासाठी बांधलेली होती, आणि ज्यांच्या फळ्या दोरखंडाने शिवलेल्या असत त्यांना मोठ्या तोफेचा हादरा सोसत नसे. दीवनंतर पोर्तुगीजांनी समुद्रावर परवाना लागू केला. त्यांचा ‘कार्ताझ’ घेतल्याशिवाय कोणाच्याही जहाजाने व्यापाराला निघायचे नाही, असा तो दंडक होता. आदिलशाही आणि पुढे मोगल जहाजांनाही तो घ्यावा लागला. मूठभर माणसांनी महासागरावर बसवलेली ही जकात म्हणजे तंत्रज्ञानाच्या बळाचा नमुनाच म्हटला पाहिजे.

आता त्याच माणसांना जमिनीवर उतरलेले पाहू. जानेवारी १५१० मध्ये मार्शल फेर्नांदो कुतिन्यो आणि अफोंसो द अल्बुकर्क यांनी कालिकतवर हल्ला केला. उतरणे सोपे गेले. कुतिन्यो शहरातून थेट सामुद्रीच्या राजवाड्यापर्यंत गेला, आणि वाडा हाती येताच त्याची माणसे लुटीत गुंतली. तेवढ्यात नायर योद्धे परतले. अरुंद, दोन्ही बाजूंना उंच बांध असलेल्या वाटांमध्ये पोर्तुगीजांना ना रांग धरता आली ना बंदुका नीट चालवता आल्या. कुतिन्यो तिथेच मारला गेला आणि जबर जखमी झालेल्या अल्बुकर्कला उचलून जहाजावर न्यावे लागले. जहाजे जवळच उभी होती, त्यांच्या तोफाही शाबूत होत्या, पण शहराच्या आत चाललेल्या झटापटीत त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता. याच कालिकतवर १५०० मध्ये काब्रालने आणि १५०२ मध्ये गामाने समुद्रातून गोळे टाकले होते. शहर जळले, माणसे मेली, सामुद्री वाकला नाही. पुढे तह होऊन पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधला आणि १५२५ मध्ये तो त्यांना सोडावा लागला.

१५१० मधलीच गोव्याची हकिकत अधिक बोलकी आहे. वर्षाच्या सुरुवातीला अल्बुकर्कने गोवा फारशा प्रतिकारावाचून घेतले. होनावरचा तिमय्या, ज्याला पोर्तुगीज तिमोजा म्हणत, त्याने ही संधी त्याला दाखवली होती आणि माणसेही दिली होती. मे महिन्यात आदिलशाही फौज परत आली आणि तिने पोर्तुगीजांना बेटावरून हुसकावले. ते जहाजांवर चढले, पण तोवर पाऊस आला होता. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि नदी समुद्राला बंद होते. ऑगस्टपर्यंत पोर्तुगीज आरमार नदीतच अडकून पडले. किनाऱ्यावरून मारा चालू होता, अन्न संपले होते, उंदीर आणि उकळलेले कातडे खाऊन माणसांनी दिवस काढले. दीवला तीन सत्तांना बुडवणारी जहाजे आता आपल्याच माणसांचा तुरुंग झाली होती. पाऊस ओसरला, नवी कुमक आली, तिमय्याची मदत पुन्हा मिळाली, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा दुसऱ्यांदा पडले. तोफा मे महिन्यात होत्या तशाच नोव्हेंबरात होत्या. बदलला होता तो ऋतू.

त्यानंतरचा नकाशा पाहावा. १५४३ पर्यंत तिसवाडी, बार्देश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आले. पणजीहून फोंडा आज तासाभराच्या वाटेवर आहे. त्या फोंड्यावर कायमचा ताबा मिळवायला पोर्तुगीजांना १७६३ साल उजाडावे लागले. मधल्या सव्वादोनशे वर्षांत त्यांनी ब्राझीलसारखा खंडप्राय मुलूख वसवला, मलाक्का आणि होर्मुझ हाताळले, पण आपल्या राजधानीसमोरच्या नद्या ओलांडून पलीकडे टिकणे त्यांना साधले नाही. १६८३ मध्ये खुद्द व्हाइसरॉय फौज घेऊन फोंड्यावर चालून गेला आणि संभाजी महाराजांच्या फौजेपुढे त्याला मागे फिरावे लागले. त्याच वर्षी मराठे गोव्याच्या उंबरठ्यावरच्या जुवे बेटापर्यंत आले. पोर्तुगीजांचे राज्य तोफेच्या पल्ल्याइतके रुंद आणि किनाऱ्याइतके लांब राहिले.

हद्द दुसऱ्या बाजूलाही होतीच, हे मराठी वाचकाने विसरू नये. ज्या मराठ्यांनी मोगलांना दख्खनमध्ये जेरीस आणले, त्यांना किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचा जंजिरा कधीच घेता आला नाही. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी खाडीत भराव टाकून वाट करायचा घाट घातला. सिद्दी हटला नाही. घोड्याच्या टापेची सत्ता पाण्याच्या कडेशी संपत होती, जशी जहाजाची सत्ता चिखलाच्या कडेशी संपत होती.

या पुस्तकाचा गाभा मात्र अठराव्या शतकात आहे, आणि त्यातही कान्होजी आंग्रे यांच्या कुलाब्यात. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला चालत जाता येते असा हा किल्ला. त्याच्या बाहेरच्या तटात प्रचंड चिरे चुन्यावाचून एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर फुटतो. कान्होजींच्या आरमारात गुराब आणि गलबत असे दोन मुख्य प्रकार होते. गुराब दीडशे ते तीनशे टनांची, दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ तळाची, नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या तोफांची. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. इंग्रजांच्या मोठ्या जहाजाशी गुराबेने उघड्या समुद्रात समोरासमोर झुंज घेणे म्हणजे आत्महत्या, हे कान्होजी जाणून होते, आणि म्हणून ते तशी झुंज घेत नसत. वारा पडेपर्यंत थांबायचे. वारा पडला की उंच शिडांचे जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे जागीच डोलू लागते. मग वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला आणत, कारण जहाजाच्या बहुतेक तोफा कुशीला असतात आणि मागच्या बाजूला अगदी थोड्या. डोलकाठी पाडायची, मग चढाई करायची. प्रसंग बेतला तर खाडीत शिरायचे, जिथे मोठ्या जहाजाचा तळ रुतेल.

कान्होजींनी शत्रूची युक्तीही उचलली. पोर्तुगीजांनी कार्ताझ बसवला होता, तर कान्होजींनी कोकणच्या समुद्रात आपले दस्तक लागू केले. इंग्रज त्यांना चाचा म्हणत राहिले. ज्याने दोनशे वर्षे हाच व्यवहार केला तो सार्वभौम आणि ज्याने तोच व्यवहार आपल्या पाण्यात केला तो चाचा, हा भेद तंत्रज्ञानाने ठरवलेला नव्हता. तो लेखणीने ठरवला होता.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजींचा बीमोड करायचा चंग बांधला. विजयदुर्गावर गेलेली मोहीम फसली. १७१८ मध्ये खांदेरीचा हल्ला फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर पुन्हा मोहीम निघाली, आणि या वेळी मुंबईत एक खास यंत्र बांधले गेले. सपाट तळाचा, जाड लाकडी भिंतींचा, अवजड तोफा वाहणारा तो एक तरंगता बुरूज होता. किल्ल्याच्या गोळ्यांना दाद द्यायची नाही आणि उथळ पाण्यातून तटाला अगदी भिडायचे, असा बेत. कागदावर या बेताला नाव ठेवायला जागा नव्हती. प्रत्यक्षात तोफांच्या खिडक्या अशा झाल्या होत्या, की तोफांची तोंडे पुरेशी उंच होईनात आणि गोळे पाण्यातच पडू लागले. विजयदुर्ग जिथल्या तिथे राहिला.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रजांनी पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली चार लढाऊ जहाजे कमोडोर थॉमस मॅथ्यूज घेऊन आला होता. गोव्याहून व्हाइसरॉय स्वतः आला. हजारोंची फौज जमिनीवर उतरली. एवढी जय्यत तयारी या किनाऱ्यावर पूर्वी क्वचितच दिसली असेल. पण शाहू महाराजांच्या आज्ञेने पिलाजी जाधव आणि बाजीराव यांचे घोडदळ कान्होजींच्या मदतीला आले. किल्ल्यावरचा एल्गार परतवला गेला, मोकळ्या मैदानात पोर्तुगीजांची फळी मोडली, आणि तोफा-दारूगोळा टाकून फौजेला मागे सरावे लागले. मोहिमेतल्या जहाजांवर असलेल्या क्लेमंट डाउनिंग या इंग्रज खलाशाने नंतर आठवणी लिहिल्या. एका मराठा स्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला मारला. मॅथ्यूज संतापून त्याच्यामागे घोडा घेऊन धावला, पिस्तुले रोखली, आणि ती भरलेलीच नव्हती, असे त्याने नोंदवले आहे. थोड्याच दिवसांत पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि दोन मित्र एकमेकांना दोष देत परतले.

या तीन-चार वर्षांचा निकाल नीट वाचायला हवा. जहाजे इंग्रजांचीच सरस होती, कान्होजींनाही ते मान्य होते. पण लढाई कुठे होणार, कोणत्या वाऱ्यात होणार आणि जमिनीच्या बाजूला कोण उभे असणार, हे ठरवणे इंग्रजांच्या हातात नव्हते. आंग्र्यांच्या पाठीशी सातारा होता तोवर कुलाबा अजिंक्य होता.

त्यानंतर काय घडले ते आपल्याला सुखावणारे नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर सांगितले आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. एका पेटत्या गोळ्याने बंदरातले एक जहाज पेटले आणि पाहता पाहता एकमेकांना बांधलेले आंग्र्यांचे सगळे आरमार जळून खाक झाले. वॉटसनची जहाजे बूनच्या जहाजांपेक्षा मोठी होती, हे खरे. पण निर्णायक फरक दुसराच होता. १७२१ मध्ये पेशव्याचे घोडदळ किल्ल्याच्या बाजूने होते. १७५६ मध्ये पेशव्याची फौज किल्ल्याला जमिनीकडून वेढा घालून बसली होती. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे पेशवा नानासाहेबांना जुमानत नव्हते, त्यांच्या कारभाराने अनेकजण दुखावले होते, ही नानासाहेबांची बाजू पुस्तकात पूर्ण मांडली आहे. तरीही घरच्या भांडणात परक्याचे आरमार बोलावण्याची किंमत काय असते, हे त्या एका दुपारी विजयदुर्गाच्या बंदरात दिसले. इंग्रजांनी समुद्रावरची हद्द ओलांडली ती पुण्याच्या हाताला धरून.

हे पहिल्यांदा घडत नव्हते. मलबारात कुंजाली मरक्कारांनी शतकभर हलक्या, वेगवान होड्यांनी पोर्तुगीजांना सळो की पळो करून सोडले होते. १५९९ मध्ये त्यांच्या किल्ल्यावरचा पोर्तुगीज हल्ला सपशेल फसला. दुसऱ्याच वर्षी, १६०० मध्ये, तोच किल्ला पडला, कारण या खेपेस सामुद्री पोर्तुगीजांच्या बाजूने मनापासून लढला. चौथ्या कुंजालीने शरणागती पत्करली ती आपल्या राजापुढे. राजाने त्याला पोर्तुगीजांच्या स्वाधीन केले आणि गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला. १५१० चा तिमय्या, १६०० चा सामुद्री, १७५६ चे नानासाहेब. प्रत्येकाची कारणे वेगळी होती आणि त्या क्षणी प्रत्येकाला ती पटण्याजोगी होती. दोन शतकांहून अधिक काळ या किनाऱ्यावर परकीय तोफेचा पल्ला असाच वाढत गेला.

तंत्र कोणाच्या मालकीचे राहत नाही, हेही याच काळात दिसते. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली ती युरोपीय पद्धतीच्या बुरुजांखाली सुरुंग पेरून. शिस्तबद्ध वेढा, मोर्चे, भुयारे आणि हजारो माणसांचा बळी देऊनही न ढळणारी जिद्द असा तो मामला होता. गनिमी काव्याच्या कल्पनेत तो मुळीच बसत नाही. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याला तोफा ओतण्याची व्यवस्था लावली. त्याच महादजींनी जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची मुंबईची फौज कोंडून शरण आणली होती. बोरघाट चढून आलेली ती फौज तोफा, सामान आणि हजारो बैलांच्या ओझ्याने दिवसाकाठी जेमतेम मैलभर सरकत होती. तिची कवायत उत्तम होती आणि तोफखाना मराठ्यांना वचकवणारा होता. मराठ्यांनी तिला हवी ती लढाईच दिली नाही. तळेगाव पोहोचेपर्यंत गाव जाळून ओस केलेले होते, दाणागोटा नाहीसा झाला होता. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. त्या तळ्यात इंग्रजांचा तांत्रिक वरचढपणा अक्षरशः बुडाला.

मग चोवीस वर्षांनी असई का घडली? २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या या गावी, आर्थर वेलस्लीच्या समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा उभ्या होत्या. त्या तोफांनी त्याच्या लहानशा फौजेतले दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी केले. लढाईनंतर हाती आलेल्या तोफा इंग्रजांना आपल्या सेवेत घेण्याजोग्या वाटल्या. म्हणजे शस्त्रांत तफावत नव्हती. ज्यांना मराठ्यांच्या पराभवाचे कारण तंत्रज्ञानात शोधायचे आहे, त्यांनी असईच्या मैदानावर उभे राहून ते शोधावे. सापडणार नाही.

सापडतात ती कारणे वेगळी आहेत. शिंद्यांच्या पलटणींचे अनेक अधिकारी युरोपीय होते आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने जाहीरनामा काढून आपल्या प्रजाजनांना निवृत्तिवेतनाच्या आशेवर फोडले. सरसेनापती पेराँने त्याच महिन्यात उत्तरेत इंग्रजांचा आश्रय घेतला. होळकर या युद्धात उतरले नाहीत. पेशवा दुसरा बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने आधीच कंपनीच्या पंखाखाली गेला होता. कंपनीच्या शिपायाला पगार वेळेवर मिळत होता, कारण हिंदी सावकारांचा तिच्या हुंडीवर विश्वास होता. मराठी सरदारांची पलटण कित्येकदा थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसे. महादजींनी शस्त्र मिळवले, शस्त्र चालवणारा माणूसही मिळवला, पण त्या माणसाची निष्ठा टिकवणारी राज्यव्यवस्था त्यांच्यामागे उभी राहिली नाही. तोफ विकत घेता येते, उसनी घेता येते, आग्र्यात ओतता येते. खजिना, पगाराचा चोख हिशेब आणि एकमुखी हुकूम हे घरीच घडवावे लागते.

शेवटच्या भागात मी या किनाऱ्याबाहेर गेलो आहे, ते एवढ्यासाठी की हे दुखणे फक्त आपले होते असे कोणाला वाटू नये. चिलीमध्ये स्पॅनिश विजेता पेद्रो द वाल्दिव्हिया १५५३ मध्ये मापुचे लोकांकडून मारला गेला. त्यांचा नायक लाउतारो पूर्वी वाल्दिव्हियाच्याच घोड्यांची देखभाल करत असे आणि घोडा दमतो, अडखळतो, पडतो हे तिथेच शिकला होता. अ‍ॅझ्टेक आणि इंका साम्राज्ये काही वर्षांत गिळणाऱ्या स्पेनला १६४१ मध्ये मापुचेंशी बोलणी करून बिओबिओ नदीची हद्द मान्य करावी लागली. साम्राज्याची राजधानी घेतली की साम्राज्य पडते. ज्यांना राजधानीच नाही त्यांचे काय घ्यायचे, हा प्रश्न स्पॅनिश पोलादाला सुटला नाही.

१९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख शार्ल पिरोथ याची खात्री होती, की व्हिएतनामी तोफ डागली गेली की त्याच्या तोफा तिला क्षणात गप्प करतील. व्हिएतनामींनी तोफा सुट्या करून डोंगरावर चढवल्या, उतारात खोदून लपवल्या. धान्य आणि गोळे सायकलींवरून ढकलत आणले. लढाईच्या तिसऱ्या दिवशी पिरोथने आत्महत्या केली आणि ७ मे रोजी छावणी पडली. त्यानंतर आलेल्या अमेरिकेने व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावर ७० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात तिने टाकलेल्या बॉम्बच्या तिपटीहून हे प्रमाण जास्त भरते. हो चि मिन्ह मार्गावर जंगलात संवेदक पेरले आणि त्यांचे संकेत संगणकांवर वाचले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले.

उलट बाजूचे पुरावे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओमदुर्मानला दहा हजारांहून अधिक महदी सैनिक मारले गेले, आणि समोरच्या ब्रिटिश-इजिप्शियन फौजेचे मृत पन्नासच्या आत राहिले. मॅक्सिम गनपुढे शौर्याला अर्थ उरला नव्हता. मात्र ती गन तिथवर पोहोचली ती वाळवंटात मुद्दाम टाकलेल्या रेल्वेने. आफ्रिकेच्या अंतर्भागात युरोपीय माणूस शतकानुशतके जाऊ शकला नाही, कारण हिवतापाने तो मरत असे. १८५४ मध्ये नायजर नदीवर गेलेल्या मोहिमेने रोज क्विनीन घेतले आणि त्या रोगाने कोणीही दगावले नाही. साम्राज्य घडवणारे तंत्र पुष्कळदा बंदुकीत नसते. ते रुळांत, औषधाच्या पुडीत, तारयंत्रात आणि हिशेबाच्या वहीत असते. म्हणून या पुस्तकात तोफांइतकीच जागा बैलांना, पावसाला आणि सावकारांना दिली आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. तांत्रिक वरचढपणाला मर्यादा असते, याचा अर्थ तो निरुपद्रवी असतो असा होत नाही. हद्दीवर येऊन थांबलेले सामर्थ्य अधिक क्रूर होते. सामुद्रीला वाकवता आले नाही म्हणून कालिकतवर गोळे पडले, रसद तोडता आली नाही म्हणून लाओसच्या शेतांवर बॉम्ब पडले, आणि त्यातले न फुटलेले आजही तिथल्या शेतकऱ्यांचे आणि मुलांचे जीव घेतात. जिंकणारा हरला, असे म्हणून आपण पुस्तक मिटू शकतो. ज्यांच्या अंगावरून ते युद्ध गेले त्यांना तेवढे समाधान मिळत नाही. त्यांच्या बाजूने हिशेब मांडण्याचा प्रयत्न मी जागोजागी केला आहे.

आज ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि संगणकी युद्ध यांच्या बातम्या वाचताना तीच जुनी घाई पुन्हा दिसते. नवे शस्त्र आले, आता सगळे बदलले, असे एक बाजू म्हणते. जिद्दीपुढे शस्त्र काय करणार, असे दुसरी म्हणते. तरुण वाचकांना माझी विनंती आहे, की पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक लढाईला चार प्रश्न विचारावेत. लढाईची जागा आणि वेळ कोणी ठरवली? फौजेचे पोट कोण भरत होते? शिपायाचा पगार कोण देत होते? आणि त्या भूमीतले कोण कोणाच्या बाजूला गेले, आणि का? शस्त्र कोणाचे सरस होते, हा पाचवा प्रश्न. तो जरूर विचारावा, पण पहिल्या चारांची उत्तरे हाती आल्यावर. आपल्या इतिहासात हा क्रम आपण फार दिवस उलटा लावला, आणि त्यामुळे १७५६ चा धडा आपल्या पदरी पडायचा राहून गेला.